हात पिठात, कान मोकळे

पहाटे साडेतीनला मी तळघराचं दार लोटते
तेव्हा कुताइसी अजून कुशीवर वळत असतं.
ओतार भट्टीत द्राक्षवेलीच्या काटक्या टाकतो,
मी कोपरापर्यंत कणकेत.
पुस्तक धरायला तिसरा हात
देवाने कुणालाच दिला नाही.

औषधांच्या दुकानाची परीक्षा. दोनदा नापास.
पहिल्यांदा सात गुणांनी, दुसऱ्यांदा अकरा;
म्हणजे अभ्यास वाढला तशी मी मागे गेले.
वाचायला बसलं की डोळे मिटायचे.
'यकृतात विघटन होते' या एका ओळीवर गाल टेकून
अख्खा फेब्रुवारी काढला.
एकदा शाई गालावर उमटली,
ओतार म्हणाला,
लामारा, तुझं यकृत वर आलंय.

मग नेस्तानने, माझ्या लेकीने,
वह्यांचे फोटो काढले, तेलाच्या डागांसकट,
आणि यंत्राला सांगितलं, याचं बोलणं कर.
चहा उकळेपर्यंत दोन माणसं तयार:
एक बाई, एक बुवा.
यांनी कधी भाकर खाल्ली नाही, गोळी गिळली नाही,
घसा नाही, तरी घसा खाकरतात.

"किती सुंदर विषय!" बुवा म्हणतो. मूत्रपिंडाबद्दल.
बाई हसते. का, ते तिलाच ठाऊक.
आमच्या भाषेत 'पाणी' म्हणायचं
तर घशाच्या तळातून शब्द उपसावा लागतो.
यांना तळच नाही. दर गोळीपाशी अडखळतात.

पण मी जागी राहते.
पहिल्या घाण्याला प्रतिजैविकं,
दुसऱ्याला रक्तदाब,
तिसऱ्याला ओतार विचारतो,
"काल तो पोटाच्या अल्सरचा काय म्हणत होता?"
मी सांगते. सांगता सांगता
मलाच कळतं की मला येतंय.

त्या दिवशी मी भट्टीत कमरेपर्यंत वाकलेली,
तळहातावर कच्ची शोती, होडीसारखी लांब,
कानात बाई लाडात येऊन म्हणाली,
"डिगॉक्सिन. रोज एकशे पंचवीस मिलिग्रॅम."

मिली नाही गं बये! मायक्रो! मायक्रो!

भट्टीने तो शब्द गोल फिरवून
माझ्याच तोंडावर आणला.
शोती निखाऱ्यांत गेली.

ती गोळी माझ्या ओळखीची.
बाबांच्या शर्टाच्या खिशात, कागदाच्या पुडीत,
तांदळाच्या कणीहून जरा मोठी.
आई रोज ती उजेडात धरून बघायची,
एवढ्याशा दाण्यावर
एवढं आडदांड काळीज चालतं कसं?
हजारपट म्हणजे किती ते मी मोजू शकते:
आमच्या तळघराची दोन दिवसांची भाकर
एकाच माणसाच्या ताटात.

घरी आले ती तावातावात.
नेस्तानला म्हटलं, तुझं यंत्र माणसं मारेल.
ती काही बोलली नाही, वही पुढे केली.
पान एकेचाळीस.
माझंच अक्षर. माझंच मिग्रॅ.
खाली दोन रेघा, महत्त्वाचं म्हणून.

बाईने इमानदारीत वाचलं होतं.
डोळ्यांनी शंभरदा पाहिलं ते दिसलं नाही,
परक्या तोंडून एकदा ऐकलं
आणि भाजल्यासारखी ओरडले.

वहीत दुरुस्ती केली. बुवाबाईंच्या बाकी गोष्टीही
आता पुस्तकाशी ताडून बघते,
इमानदार आहेत म्हणून
शहाणे आहेत असं नाही.
"नवीन करून देऊ?" नेस्तानने विचारलं.
म्हटलं, नको. ती चूक तशीच राहू दे.

आता रोज चौथ्या घाण्याला
बाई तेच म्हणते, त्याच लाडात,
आणि आम्ही दोघं, पीठ उडवत, एका सुरात:
मायक्रो!
वरच्या मजल्यावरची म्हातारी काठी आपटते.

परीक्षा गुरुवारी आहे.
माझं काय होईल, सांगता येत नाही.
ओतार मात्र पास होईल.